चौथं कापड

गल्लीत तिला सगळे कडकताई म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? कॉलर कडक, घडी कडक, आणि लाँड्रीची मालकीण दोन्हींपेक्षा कडक. कुणाच्या शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट राहिलं, तर ती ते चिमट्यात धरून काउंटरच्या कोपऱ्यात ठेवायची, वर कागद झाकायची, आणि माणूस कपडे न्यायला आला की कागदाकडे नुसतं बोट दाखवायची. तो बिचारा पाकीट उचलायचा आणि पुढच्या खेपेला कपडे आणताना चार वेळा खिसे चाचपायचा.

पंचविसाव्या वर्षी तिनं देवाला शब्द दिला होता, की देह आणि आत्मा, दोन्ही तुझ्यासाठी वेगळे राखीन. शब्द दिला म्हणजे दिला. सिनेमा सोडला, रंगीत कपडे सोडले, आरसा भांग पाडण्यापुरता ठेवला. समोरच्या शिंप्याचा तिच्यावर जीव होता. एकच शर्ट तो आठवड्यातून चारदा इस्त्रीला आणायचा. तिचंही मन नव्हतं असं नाही. पण तो चर्चच्या मंडळीतला नव्हता, संध्याकाळी घोट घेणारा होता. एक दिवस तिनं तो शर्ट घडी घालून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "दुसरं दुकान बघा." रडली असेल तर एकटीच रडली.

हे ढोंग नव्हतं बरं का. ढोंगी माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, दोन शिव्या घातल्या की झालं. ही बाई खरोखर नाकासमोर चालणारी होती. पंचवीस वर्षं चालली. तीच तर पंचाईत आहे.

तिच्या सगळ्या वेगळेपणाचा कळस म्हणजे मेजाची कापडं. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या मेजावर चार कापडं लागायची. एक मोठा मेजपोस, एक भाकरीच्या बशीवर झाकायचं, एक द्राक्षारसाच्या प्याल्यावर झाकायचं, आणि चौथं सगळ्यात लहान, प्याला पुसायचं, हातरुमालाहून थोडं मोठं. ही चार कापडं आधी तिची आई करायची, मग ती करायला लागली. त्यांच्यासाठी टब वेगळा, साबण वेगळा, दोरी वेगळी. बाकी दुकानात विजेच्या इस्त्र्या, पण ह्या चार कापडांवर फक्त आईची जुनी कोळशाची इस्त्री फिरायची. आणि शनिवारी सकाळी कोळसा पेटवल्यापासून चारही कापडं पत्र्याच्या डब्यात जाऊन झाकण बसेपर्यंत ती कुणाशी एक अक्षर बोलायची नाही. तेवढा वेळ देवाचा. गिऱ्हाईक आलंच तर मागे न बघता ती डावा हात वर करायची, तळवा दाखवायची. म्हणजे थांबा. लोक थांबायचे, नाहीतर कपड्यांचं गाठोडं ठेवून जायचे.

आता तिची धाकटी बहीण. धाकटी नऊ वर्षांनी लहान. इस्त्रीच्या टेबलाखाली वाढली, आकडे मोजायला शिकली ती ह्याच कापडांवर. एक मेजाचं, दोन बशीचं, तीन प्याल्याचं, चार पुसायचं. आई गेली तेव्हा धाकटी बारा वर्षांची होती. मोठीनं तिला आईसारखं वाढवलं, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण धाकटीचा पिंडच वेगळा. खळखळून हसणारी, बडबडी, नखं रंगवणारी. दोन गल्ल्या टाकून असलेल्या पार्लरमध्ये केस कापायला लागली. आणि चार वर्षांपूर्वी एका बस ड्रायव्हरबरोबर राहायला गेली. लग्न नाही. त्याच्या पहिल्या बायकोपासूनची सोडचिठ्ठी कोर्टात अडकली होती, ती अजून अडकलेलीच आहे.

मोठीनं आरडाओरडा केला नाही. धाकटीचे सगळे कपडे काढले, धुतले, इस्त्री केले, बॅगेत भरले आणि बॅग काउंटरवर ठेवली. इस्त्री करून दिले, म्हणजे बघा आता! त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर परवडलं असतं. त्यानंतर देवळात कुणी नव्या माणसानं विचारलं, की घरी कोण कोण असतं, तर ती म्हणायची, "मी आणि प्रभू."

धाकटी मात्र येतच राहिली. पंधरा दिवसांतून एकदा, दुपारची. दाराजवळच्या स्टुलावर बसायची, पार्लरमधल्या गमती सांगायची, मोठीच्या हुं-हुंला उत्तर समजायची आणि जायची. तिला नाही म्हणणं सोपं नव्हतं.

तर ती एका शनिवारी सकाळी आली. शनिवारी सकाळी ती कधी यायची नाही; तिला नियम माहीत होता, ती त्या नियमात वाढली होती. मोठीच्या इस्त्रीखाली तिसरं कापड होतं. "ताई," धाकटी म्हणाली. आवाज कसातरीच. मोठीनं न वळता डावा हात वर केला, तळवा दाखवला.

धाकटी स्टुलावर बसली. तिच्या मांडीवर एक खाकी पाकीट होतं. समोर भिंतीला काच होती, त्यात मोठीला सगळं दिसत होतं. धाकटीनं लिपस्टिक लावली नव्हती, केस कसेतरी बांधले होते आणि ती रडत होती. आवाज न करता, ओठ घट्ट मिटून, लहानपणी अंधाराला घाबरल्यावर रडायची तशी.

तिसरं कापड झालं. चौथं घेतलं. चौथ्याला वेळ तो किती? दोन मिनिटं. ते झालं, घडी झाली, डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं, की वळून विचारायचं, "काय गं?" तेवढंच उरलं होतं.

आणि इथं त्या बाईनं काय केलं ते मला सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. तिनं इस्त्री केलेलं चौथं कापड परत उलगडलं, पाण्यात हात बुडवला आणि ते कापड परत ओलं केलं.

का? का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या मनात आलं, हं, आली ना शेवटी. ड्रायव्हरनं टाकलं असणार. बस आता थोडा वेळ, कळू दे. चार वर्षं मी सोसलं, तू तासभर सोस. हे सगळं मनातल्या मनात, एका क्षणात. आणि हात मात्र देवाच्या कामात. चौथं रेंगाळत रेंगाळत झाल्यावर तिनं तिसरं ओलं केलं. मग दुसरं. काचेत बघायचं नाही असं ठरवून बघत होती. तास होत आला तेव्हा धाकटी उठली. एक क्षण उभी राहिली, टेबलाकडे बघितलं, आणि निघून गेली. मोठीनं डब्याचं झाकण लावलं आणि दारात जाऊन बघितलं, तोवर गल्ली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळकांनी प्रवचनात मेजावरचं कापड दोन बोटांनी उचलून दाखवलं. "बघा, सुरकुती सापडते का! आपल्या मंडळीत एक बहीण आहे. तिनं देह आणि आत्मा दोन्ही देवासाठी वेगळे राखले आहेत. पवित्र राहणं म्हणजे काय, ते ह्या कापडाला विचारा." सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. शेजारची म्हातारी कौतुकानं पुटपुटली, "किती नम्र आहे पोरगी!" नम्र कसली! वेगळं राखलं म्हणे. काय वेगळं राखलं? आपल्या रक्ताची पोर दारात रडत होती आणि मी देवाला पुढे करून तिला छळलं. कापडाला काय विचारता, मला विचारा, असं तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. प्रभुभोजन घेतलं. घेतलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं.

म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून तिला खवखवायला लागलं. तिनं काय करावं? उपास वाढवले. पहाटेची प्रार्थना अर्ध्या तासाची एका तासाची केली. कापडं एकदाच्या जागी दोनदा धुवायला लागली, बोटांची सालं निघेपर्यंत. अगं बाई, दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या! पार्लरचं दार ढकलून "काय झालं गं परवा?" एवढं विचारायचं होतं. पण नाही. देवासमोर गुडघे टेकायला तिला काही वाटत नव्हतं, धाकटीसमोर चार शब्द बोलायला जीव जात होता. काही असेल तर येईल परत, असं ती स्वतःला सांगायची. धाकटी पंधरा दिवसांनी आली नाही. महिन्यानं आली नाही. स्टूल तसंच दाराशी पडून होतं. गिऱ्हाईक त्यावर बसलं की तिला राग यायचा, आणि राग कसला येतो तेही कळायचं.

एकदा न राहवून ती पाळकांकडे गेली. म्हणाली, "मेजाची कापडं दुसऱ्या कुणाला द्या. मी त्या लायकीची नाही."

पाळक हसले. "बाई, जे लायक असतात तेच असं म्हणतात."

खरं सांगायचं तर चौथ्या कापडाचं सांगावं लागलं असतं. ती तशीच घरी आली आणि शनिवारी परत कोळसा पेटवला.

चार महिने गेले. मग एका गुरुवारी दुकानात ड्रायव्हर आला. तिनं त्याला चार वर्षांत लांबूनच बघितलेलं. धिप्पाड माणूस, पण काउंटरशी असा उभा राहिला की जणू त्यानंच काहीतरी चोरलंय. त्यानं पिशवी पुढे केली. "दोन गाऊन आहेत. मला धुवायला जमत नाहीत. डाग पसरतोय."

तिनं पिशवी उलटी केली. पुढून बटणं असलेले दोन गाऊन. कपड्यांच्या धंद्यात जन्म गेलेल्या बाईला कपडा बोलतो, तोंड उघडावं लागत नाही. डाव्या बाजूला, छातीपाशी, औषधाचा पिवळट डाग. त्याच्याभोवती चौकोनी चिकटा, पट्टी उचकटल्यावर राहतो तसा. आणि सगळ्याला हॉस्पिटलचा वास. गाऊनच्या गळ्याशी एक लांब केस, टोकाला लालसर रंगवलेला. तो केस तिनं ओळखला.

"कधी झालं ऑपरेशन?" तिनं विचारलं.

ड्रायव्हर स्टुलावर बसला. मग म्हणाला, "सोमवारी. तिनं सांगितलं होतं तुमच्याकडे जायचं नाही म्हणून. पण मी तरी कुणाकडे जाऊ?"

त्यानं सांगितलं ते असं. धाकटीला छातीत गाठ लागली होती. तपासणीचा कागद आला, त्या दिवशी डॉक्टरांनी दुपारी बारा वाजता बोलावलं होतं. घरचं कुणीतरी बरोबर आणा म्हणाले होते. ड्रायव्हर तेव्हा लांबच्या गाडीवर, दोन दिवस बाहेर. ती गेलीच नाही. कागद कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि त्याला सांगितलं, काही निघालं नाही. परवा परवा त्याला तो सापडला. तोवर गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता सगळंच काढावं लागलं, आणि पुढचं पुढे.

"मी विचारलं तिला, का गेली नाहीस? ओरडलोच मी," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणाली, बरोबर यायला माणूस मिळालं नाही."

मोठीनं गाऊन हातात घट्ट धरले होते. तारीख विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारली. शनिवार होता. खाकी पाकिटात होता तो कागद. माणूस मिळालं नाही. माणूस समोर उभं होतं हो, पाच हातांवर, कापड ओलं करत!

"भेटायला कधी देतात?" तिनं विचारलं.

"रोज दहा ते बारा. मी उद्या आहे तिच्याजवळ, शनिवारी मात्र ड्यूटी आहे. पण मी आलो होतो हे तिला..."

"नाही सांगत," ती म्हणाली.

गाऊन तिनं मेजाच्या कापडांच्या टबात धुतले, त्याच साबणानं. विचार करून नाही. तो टब हाताशी होता आणि त्यात पाणी होतं. धुताना तिच्या लक्षात आलं, आणि तिनं हात थांबवले नाहीत. शुक्रवार असाच गेला, गाऊन वाळवण्यात आणि उद्या तोंड कसं दाखवू ह्या विचारात.

शनिवारी सकाळी साडेनऊला ती पाळकांच्या दारात उभी राहिली आणि पत्र्याचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं. आत कापडं धुतलेली होती, पण दोरीवरून काढून तशीच कोंबलेली.

"इस्त्री राहिली वाटतं," पाळक म्हणाले.

"राहिली. वेळ नाही."

"मग उद्या मेजावर?"

"चुरगळलेलीच घाला," ती म्हणाली. "आणि प्रवचनात माझं नाव काढू नका. परत कधीच काढू नका. का, ते मी येऊन सांगेन. आधी जिला सांगायचंय तिला सांगून येते." पाळक काही विचारणार तोवर ती फाटकाबाहेर होती.

हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्यानं वही पुढे केली. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघालं, "ओळखीची." चार वर्षांची सवय हो, जिभेला वळण पडलेलं. त्यानं लिहून घेतलं. जिना चढताना तिला स्वतःचीच शिसारी आली. आत्ता, इथंसुद्धा!

धाकटी कोपऱ्यातल्या खाटेवर होती. चेहरा उतरलेला, डावा हात उशीवर ठेवलेला. आणि केस! दुसऱ्यांचे केस नीट करून पोट भरणाऱ्या पोरीच्या केसांचं पाच दिवसांत घरटं झालं होतं. तिनं मोठीला बघितलं. मोठीनं तोंड उघडलं, "अगं, मला..."

धाकटीनं उजवा हात वर केला आणि तळवा दाखवला.

खाटेजवळ स्टूल होतं, मोठी त्यावर बसली. धाकटीनं हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेदहा झाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला घरचं सगळं लटांबर आलं, हसलं, रडलं, गेलं. अकरा वाजले. इतकं लांबलचक असतं हे? मोठीला वाटलं, आपण उठून जावं, हिला आपण नको आहोत, कशाला त्रास द्यायचा. मग तिला कळलं की त्या दिवशी त्या स्टुलावर बसून धाकटीला अगदी असंच वाटलं असणार. ती उठली नाही. गुडघे घट्ट जुळवून, मांडीवर धुतलेल्या गाऊनची पिशवी धरून बसून राहिली. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द सुचेनात. देवा, मी फार वाईट वागले, एवढंच पुन्हा पुन्हा येत होतं. पंचवीस वर्षांत इतकी छोटी प्रार्थना तिनं केली नव्हती.

पावणेबारा वाजले तशी तिला धीर धरवेना. धाकटीची पाठ होती तरी ती भडाभडा बोलून गेली.

"चौथं कापड झालं होतं. तू बसली होतीस तेव्हा. काम संपलं होतं माझं. मी ते परत ओलं केलं, मुद्दाम. तू रडत होतीस ते काचेत दिसत होतं मला. मला वाटलं, त्यानं टाकलं तुला. मला बरं वाटलं गं. मला बरं वाटलं! देवाचं नाव पुढे केलं आणि तुला बसवून ठेवलं. तू त्या दिवशी डॉक्टरकडे जायची होतीस. मी आले असते तर... कुणाला माहीत नाही हे. तुला सांगितल्याशिवाय मी..."

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

धाकटीनं तोंड वळवलं. डोळे कोरडे होते. "कापडं चार असतात, ताई. टेबलाखाली बसून मोजत मोठी झाले मी. चौथं उलगडलंस, पाण्यात हात घातलास. मी म्हटलं, डाग राहिला असेल. मग तिसरं घेतलंस. मग दुसरं. दुसरं घेतलंस तेव्हा उठले मी."

चार महिने मोठीला वाटत होतं की हे फक्त तिला आणि देवाला ठाऊक आहे.

"आईसुद्धा बोलायची नाही शनिवारी," धाकटी म्हणाली. "पण मी पडले की इस्त्री उभी करून धावत यायची. तू विसरलीस. मी नाही विसरले. म्हणून तर आले होते ना मी, शनिवार असून."

"माफ कर गं मला."

"आज नाही," धाकटी म्हणाली. "आज मला म्हणवणार नाही. उगाच खोटं कशाला बोलू?" तिनं उजवा हात डोक्याकडे नेला. "डावा हात वर होत नाही माझा. एका हातानं जमत नाही हे. त्या कपाटात फणी आहे. गुंता काढून दे."

मोठीनं फणी काढली. रंगवलेले केस, पार्लरच्या वासाचे, ज्यांना तिनं चार वर्षांत बोट लावलं नव्हतं. टोकापासून सुरुवात केली, हळूहळू वर गेली, गाठ आली की मुळाशी धरून सोडवली. धाकटी एकदा "आई गं" म्हणाली, तशी मोठीनं फणी थांबवली. "चालू दे," धाकटी म्हणाली. अर्धं डोकं झालं आणि बाहेर घंटा वाजली. बारा.

नर्स खाटेशी आली. "चला बाई, वेळ संपली. बाहेरची माणसं बाहेर. तुम्ही कोण यांच्या? वहीत तर ओळखीच्या म्हणून लिहिलंय."

धाकटीच्या मानेला ताठपणा आला. फणीखाली तो मोठीला जाणवला. धाकटीनं वळून बघितलं नाही, पण ती ऐकत होती.

"चुकीचं लिहिलंय. मीच चुकीचं सांगितलं," मोठी म्हणाली. अख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "मोठी बहीण आहे मी हिची. अर्धे केस राहिलेत. तेवढे होऊ द्या."